एक संदेश, अनेक प्रती : इंटरनेटवरील मजकुराची जबाबदारी कोणाची?

मोबाईलवर आलेला मजकूर पुढे पाठवणे ही देशातील कोट्यवधी लोकांची रोजची सवय झाली आहे. या साध्या कृतीत तीन गोष्टी एकाच वेळी घडतात. पाठवणारा कोणाशी तरी संवाद साधतो, एखाद्या गटाचा सदस्य म्हणून वागतो आणि त्या मजकुराची एक नवी प्रत तयार करतो. टपालाने पाठवलेले पत्र पाठवणाऱ्याच्या हातून निघून जाते. इंटरनेटवर पाठवलेला मजकूर त्याच्याकडेही राहतो, मिळवणाऱ्याकडेही पोहोचतो आणि तेथून तितक्याच सहजपणे आणखी पुढे जातो.

म्हणूनच एखादी अफवा पसरून अनर्थ घडला, कोणाची बदनामी झाली किंवा एखाद्या लेखकाची कृती परवानगीविना वाटली गेली, तरी अखेरीस एकच प्रश्न उरतो : जबाबदार कोण? मजकूर तयार करणारा, तो पुढे पाठवणारा, की ज्या मंचावरून तो गेला तो मंच? गेल्या तीन दशकांत भारतीय कायद्याने आणि न्यायालयांनी या प्रश्नाची जी उत्तरे दिली, ती सर्व क्षेत्रांत सारखी नाहीत. भाषणस्वातंत्र्यासाठी एक निकष आहे, बौद्धिक संपदेसाठी दुसरा, तर खासगी संदेशांबाबतचा वाद न्यायालयासमोर आला आहे.

‘मध्यस्थ’ या संकल्पनेचा उदय

भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सेवा १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगम लिमिटेडने सुरू केली. त्यानंतर पाच वर्षांनी माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० अस्तित्वात आला आणि १७ ऑक्टोबर २००० पासून लागू झाला. या कायद्याच्या कलम ७९ मध्ये सेवा पुरवठादाराला मर्यादित संरक्षण देण्यात आले होते. वापरकर्त्याने टाकलेल्या मजकुराची आपल्याला माहिती नव्हती किंवा तो रोखण्यासाठी आपण पुरेशी दक्षता घेतली होती, हे सिद्ध करण्याचा भार मात्र पुरवठादारावरच होता.

ही तरतूद किती अपुरी आहे, हे २००४ मध्ये स्पष्ट झाले. बाझी डॉट कॉम या खरेदी-विक्रीच्या संकेतस्थळावर एका वापरकर्त्याने अश्लील चित्रफीत विक्रीस ठेवली आणि त्या प्रकरणात कंपनीच्या प्रमुखांना अटक झाली. चित्रफीत त्यांनी तयार केलेली नव्हती किंवा विक्रीसही ठेवलेली नव्हती. या प्रकरणाने उद्योगक्षेत्रात मोठी खळबळ उडाली. २००८ च्या दुरुस्तीने कलम ७९ नव्याने लिहिण्यात आले आणि ही दुरुस्ती २७ ऑक्टोबर २००९ पासून अमलात आली. इतरांचा मजकूर केवळ साठवणाऱ्या किंवा वाहून नेणाऱ्या ‘मध्यस्थाला’ काही अटींवर दायित्वातून सूट मिळाली. मजकूर बेकायदा असल्याचे प्रत्यक्ष कळल्यानंतर तो तातडीने हटवणे, ही त्यातील प्रमुख अट होती.

शब्दांसाठी न्यायालयाचा आदेश

२००८ च्या त्याच दुरुस्तीने कलम ६६अ कायद्यात आले. ‘घोर आक्षेपार्ह’ किंवा त्रासदायक संदेश पाठवणे हा त्यामुळे तीन वर्षांपर्यंतच्या कारावासाचा गुन्हा ठरला. नोव्हेंबर २०१२ मध्ये शिवसेनाप्रमुख बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर मुंबईत पाळल्या गेलेल्या बंदविषयी फेसबुकवर मत व्यक्त केल्याबद्दल पालघर येथील एका तरुणीला अटक झाली. त्या मताला पसंती दर्शवणाऱ्या तिच्या मैत्रिणीलाही पोलिसांनी अटक केली. लिहिणारी आणि पसंती दर्शवणारी या दोघींनाही सारखेच जबाबदार धरणारी ही घटना देशभर चर्चेचा विषय ठरली.

या पार्श्वभूमीवर दाखल झालेल्या श्रेया सिंघल खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी कलम ६६अ घटनाबाह्य ठरवून रद्द केले. त्याच निकालाने कलम ७९ चा अर्थही निश्चित केला. मध्यस्थाला मजकुराची ‘प्रत्यक्ष माहिती’ असणे म्हणजे न्यायालयाचा आदेश किंवा शासनाची अधिसूचना मिळणे, असे न्यायालयाने स्पष्ट केले. कोणत्याही व्यक्तीने पाठवलेल्या तक्रारीवरून काय वैध आणि काय अवैध याचा निवाडा खासगी कंपनीने करू नये, हा त्यामागील विचार होता. लाखो तक्रारी येणाऱ्या मंचावर सोडल्यास, वाद टाळण्यासाठी तो वैध मजकूरही हटवू लागेल, ही भीती त्या विचाराच्या मुळाशी होती.

शासनाच्या अधिकाराची मर्यादाही पुढे न्यायालयासमोर आली. केंद्र सरकारच्या कामकाजाविषयीचा मजकूर खोटा आहे की नाही, हे ठरवण्यासाठी शासकीय तथ्यतपासणी कक्षाची तरतूद एप्रिल २०२३ मध्ये नियमांत करण्यात आली. या तरतुदीवर मुंबई उच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींनी जानेवारी २०२४ मध्ये परस्परविरोधी मते नोंदवली. तिसऱ्या न्यायमूर्तींच्या मतानंतर सप्टेंबर २०२४ मध्ये ती तरतूद रद्द ठरली.

अफवा, गट आणि ॲडमिन

व्हॉट्सॲपसारख्या संदेशसेवेत मंचाला मजकूर दिसत नाही. एप्रिल २०१६ पासून तेथील संदेश पाठवणारा आणि मिळवणारा यांच्यापुरतेच वाचनीय असतात. मधल्या टप्प्यावर ते कूटबद्ध, म्हणजे सांकेतिक रूपात असतात. कुटुंब, गृहनिर्माण संस्था, शाळेतील पालक, नोकरीनिमित्त गाव सोडलेले गावकरी अशा असंख्य गटांचे दैनंदिन जीवन याच सेवेवर चालते. या गटांतील संदेशाला ओळखीच्या माणसाचा विश्वास आपोआप चिकटतो. तो संदेश मूळचा कोणाचा, हे मात्र कोणालाच माहीत नसते.

या विश्वासाची भीषण किंमत १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यातील राईनपाडा येथे मोजावी लागली. मुले पळवणारी टोळी फिरत असल्याच्या अफवा मोबाईलवरून पसरलेल्या होत्या. आठवडी बाजाराच्या दिवशी गावात आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी या भटक्या समाजातील पाच जणांना जमावाने त्या संशयावरून ठार केले. भिक्षा मागून उपजीविका करणाऱ्या या लोकांपैकी बहुतेक जण सोलापूर जिल्ह्यातील होते. त्या काळात अशाच अफवांतून देशाच्या इतर राज्यांतही बळी गेले होते.

सर्वोच्च न्यायालयाने १७ जुलै २०१८ रोजी जमावहिंसा रोखण्यासाठी केंद्र आणि राज्यांना सविस्तर मार्गदर्शक सूचना दिल्या. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच संवादांना पाठवता येईल, अशी मर्यादा जाहीर केली. जानेवारी २०१९ मध्ये ती जगभर लागू झाली. एप्रिल २०२० मध्ये, करोना साथीच्या काळात, वारंवार पुढे गेलेला संदेश एका वेळी एकाच संवादाला पाठवता येईल, असे बंधन आले. कायद्याने नव्हे, तर उपयोजनाच्या रचनेतील बदलाने लोकांच्या वर्तनाला आवर घालण्याचा हा प्रयत्न होता. या बंधनांमुळे पुढे पाठवण्याची क्रिया मंदावते, थांबत नाही. प्रत कोणीही हाताने पुन्हा तयार करू शकतो.

गटाचा ॲडमिन जबाबदार असतो का, हा प्रश्नही न्यायालयापुढे आला. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने मार्च २०२१ च्या निकालात, गटातील सदस्याच्या आक्षेपार्ह संदेशासाठी केवळ ॲडमिन असल्याच्या कारणावरून कोणालाही दोषी धरता येणार नाही, असा निर्वाळा दिला. सदस्य जोडणे किंवा काढणे याखेरीज त्याच्या हाती मजकूर आधी तपासण्याचा अधिकार नसतो. समान हेतू किंवा पूर्वनियोजित संगनमत असल्यास मात्र स्थिती वेगळी असते. केरळ उच्च न्यायालयानेही २०२२ मध्ये याच धर्तीवर भूमिका घेतली.

मूळ प्रेषकाचा शोध आणि खासगीपणा

मंच मजकूर वाचू शकत नाही आणि ॲडमिन त्यावर नियंत्रण ठेवू शकत नाही, तर अफवेचा उगम शोधायचा कसा? केंद्र सरकारने २५ फेब्रुवारी २०२१ रोजी अधिसूचित केलेल्या माहिती तंत्रज्ञान नियमांत याचे एक उत्तर दिले. देशात ५० लाखांहून अधिक नोंदणीकृत वापरकर्ते असलेल्या संदेशसेवांनी, गंभीर गुन्ह्यांच्या तपासासाठी सक्षम आदेश मिळाल्यास, देशातील पहिल्या प्रेषकाची ओळख पटवून देण्याची सोय ठेवावी, असे नियम ४ सांगतो. संदेशातील मजकूर उघड करण्याची सक्ती त्यात नाही.

व्हॉट्सॲपने मे २०२१ मध्ये या तरतुदीला दिल्ली उच्च न्यायालयात आव्हान दिले. कोणता संदेश पुढे तपासला जाईल हे आधी कळत नसल्याने प्रत्येक संदेशाचा माग ठेवावा लागेल आणि त्यामुळे सर्वांच्याच खासगीपणाला बाधा येईल, हा या विरोधातील मुख्य युक्तिवाद आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ सदस्यीय घटनापीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी खटल्यात खासगीपणा हा मूलभूत अधिकार असल्याचे एकमताने जाहीर केलेले आहे. अशा अधिकारावरील बंधन कायद्याने घातलेले, वैध हेतूसाठी आणि त्या हेतूच्या प्रमाणात असावे लागते. राईनपाड्यासारख्या घटनेतील बळींना न्याय आणि कोट्यवधी निरपराध लोकांच्या संभाषणाची गुप्तता, या दोहोंतील प्रमाण ठरवणे हाच या वादाचा गाभा आहे.

प्रताधिकार : पुढे पाठवणे म्हणजे प्रत काढणे

बौद्धिक संपदेच्या क्षेत्रात प्रश्न तोच असला तरी निकष वेगळा आहे. प्रताधिकार, म्हणजेच कॉपीराइट, यासाठी भारतात नोंदणी सक्तीची नाही. कृती लिहिली, रचली वा चित्रित केली की तो निर्माण होतो. प्रताधिकार अधिनियम, १९५७ नुसार कृतीची कोणत्याही माध्यमात, इलेक्ट्रॉनिक स्वरूपातही, साठवण करणे हा मालकाचा अधिकार आहे. साहित्यकृतीचे संरक्षण लेखकाच्या हयातीत आणि निधनानंतर ६० वर्षे टिकते. ही मुदत निधनानंतरच्या कॅलेंडर वर्षाच्या आरंभापासून मोजली जाते. साने गुरुजी यांचे निधन ११ जून १९५० रोजी झाले. त्यामुळे त्यांचे त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झालेले लेखन १ जानेवारी २०११ पासून सर्वांना मुक्तपणे छापता आणि वाटता येते. पु. ल. देशपांडे यांचे निधन १२ जून २००० रोजी झाल्यामुळे त्यांचे लेखन २०६० च्या अखेरीपर्यंत संरक्षित आहे.

कायदा कल्पनेचे नव्हे, तर तिच्या अभिव्यक्तीचे रक्षण करतो, हे सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये आर. जी. आनंद खटल्यात स्पष्ट केले. घडलेल्या घटनेवर कोणाची मालकी नसते. त्या घटनेची बातमी ज्या शब्दांत लिहिली गेली, त्या शब्दांवर मात्र असते. खासगी वापर, संशोधन, समीक्षा आणि चालू घडामोडींचे वार्तांकन यांसाठी रास्त प्रमाणात केलेला वापर कलम ५२ नुसार उल्लंघन ठरत नाही.

पैशाच्या पलीकडचा एक अधिकार कलम ५७ मध्ये आहे. हक्क प्रकाशकाला विकल्यानंतरही कृतीवर आपले नाव असण्याचा आणि प्रतिष्ठेला बाधा आणणारी मोडतोड रोखण्याचा अधिकार लेखकाकडेच राहतो. मराठी वाचकांना या तरतुदीचा संबंध रोज जाणवतो. अल्पपरिचित कवीच्या ओळी नावाविना फिरतात आणि काही टप्प्यांनंतर एखाद्या ख्यातनाम साहित्यिकाच्या नावाने परत येतात. पुढे पाठवणाऱ्याचा हेतू बहुधा कौतुकाचाच असतो, परंतु मूळ कवी आपल्याच ओळींपासून तुटतो. ज्या साहित्यिकाच्या नावावर त्या ओळी खपवल्या जातात, त्याच्यावरही अन्याय होतोच.

छत्तीस तास आणि एकवीस दिवस

प्रताधिकार कायद्यातील २०१२ च्या दुरुस्तीने आणि २०१३ च्या नियमांनी इंटरनेटसाठी तक्रारीची पद्धत आखून दिली. मालकाने लेखी तक्रार केल्यास आणि ती योग्य वाटल्यास मध्यस्थाने ३६ तासांत त्या मजकुराकडे जाणारा मार्ग बंद करायचा असतो. २१ दिवसांत मालकाने न्यायालयाचा आदेश आणला नाही, तर तो मार्ग पुन्हा खुला करता येतो. म्हणजे भाषणाच्या बाबतीत आदेश आधी आणि हटवणे नंतर, तर प्रताधिकाराच्या बाबतीत हटवणे आधी आणि आदेश नंतर, असा क्रम आहे.

या फरकाची छाननी सुपर कॅसेट्स आणि मायस्पेस यांच्यातील खटल्यात झाली. सुपर कॅसेट्स ही टी-सीरीज या नावाने परिचित असलेली संगीत कंपनी आहे. वापरकर्त्यांनी टाकलेल्या गाण्यांबद्दल दिल्ली उच्च न्यायालयाच्या एकल न्यायमूर्तींनी २०११ मध्ये मायस्पेसला जबाबदार धरले. २३ डिसेंबर २०१६ रोजी खंडपीठाने तो निर्णय फिरवला. मंचावर गाण्यांच्या अवैध प्रती असू शकतात, एवढी सर्वसाधारण जाणीव पुरेशी नाही. नेमकी कोणती कृती आणि ती कोठे आहे, याची माहिती मालकाने द्यायला हवी. ती दिल्यानंतर मात्र मंचाला न्यायालयाच्या आदेशाची वाट पाहता येणार नाही, असे खंडपीठाने सांगितले.

व्यवहारात या पद्धतीचा लाभ सर्वांना सारखा मिळत नाही. मोठ्या संगीत कंपन्यांच्या ध्वनिफितींची डिजिटल ओळख यूट्यूबच्या ‘कंटेंट आयडी’ यंत्रणेत नोंदलेली असते आणि जुळणारी प्रत आपोआप सापडते. कवीच्या चार ओळींना, विशेषतः कूटबद्ध गटांत फिरणाऱ्या ओळींना, असा पहारेकरी नसतो. कोठे तक्रार करायची, हेच त्याला कळत नाही.

वृत्तपत्रांनाही २०२० मध्ये हाच अनुभव आला. टाळेबंदीत घरोघरी अंक पोहोचणे विस्कळीत झाले आणि ई-पेपरच्या पीडीएफ प्रती गटागटांतून फिरू लागल्या. जागरण प्रकाशनाने टेलिग्रामविरुद्ध दाखल केलेल्या दाव्यात दिल्ली उच्च न्यायालयाने मे २०२० मध्ये संबंधित वाहिन्या ४८ तासांत बंद करण्याचे आणि त्या चालवणाऱ्यांची ओळख उघड करण्याचे निर्देश दिले. ऑगस्ट २०२२ मध्ये एका शिक्षिकेच्या अध्ययनसाहित्याच्या प्रकरणातही हाच प्रश्न आला. आपले सर्व्हर सिंगापूरमध्ये असल्याने तेथील कायद्यामुळे माहिती देता येत नाही, हा टेलिग्रामचा युक्तिवाद न्यायालयाने फेटाळला. उल्लंघन करणाऱ्याला निनावीपणाचे कवच मिळाल्यास प्रताधिकाराचा उपाय निरर्थक ठरतो, हे या निकालांतून पुढे आले.

ज्ञानाची उपलब्धता

प्रत्येक प्रत ही चोरी नसते, हे शिक्षणाच्या क्षेत्रात अधिक स्पष्ट होते. दिल्ली विद्यापीठाच्या आवारातील छायाप्रतींच्या दुकानाविरुद्ध तीन आंतरराष्ट्रीय प्रकाशकांनी २०१२ मध्ये दावा केला होता. अध्यापनाच्या ओघात आवश्यक तेवढ्या भागाची प्रत काढण्याची मुभा कायद्यात असल्याचे सांगून दिल्ली उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१६ मध्ये तो फेटाळला. डिसेंबर २०१६ मध्ये खंडपीठाने ते तत्त्व मान्य केले.

शोधनिबंधांचा वाद मात्र त्याहून मोठा आहे. एल्सव्हिअर, वायली आणि अमेरिकन केमिकल सोसायटी यांनी डिसेंबर २०२० मध्ये साय-हब या संकेतस्थळाविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात धाव घेतली. हे संकेतस्थळ शुल्काआड असलेले शोधनिबंध विनामूल्य उपलब्ध करून देत असे. या दाव्यात पुढे ऑगस्ट २०२५ मध्ये ते भारतात बंद करण्याचा आदेश निघाला. दरम्यान केंद्रीय मंत्रिमंडळाने २५ नोव्हेंबर २०२४ रोजी ‘एक राष्ट्र एक सदस्यत्व’ योजनेला मंजुरी दिली. तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपयांच्या या योजनेत ३० प्रकाशकांची सुमारे १३,००० नियतकालिके ६,३०० हून अधिक शासकीय शिक्षण आणि संशोधन संस्थांना उपलब्ध करण्याची तरतूद आहे. तिचा लाभ शासकीय संस्थांपुरता असल्याने खासगी महाविद्यालयांतील विद्यार्थी आणि संस्थेबाहेरील अभ्यासक यांच्यासाठी जुना प्रश्न कायम आहे.

आवाज, चेहरा आणि यंत्र

आतापर्यंतचे वाद कृतीच्या प्रतीचे होते. कृत्रिम बुद्धिमत्तेमुळे माणसाच्याच आवाजाची आणि चेहऱ्याची प्रत निघू लागली आहे. गायक अरिजित सिंग यांच्या आवाजाची नक्कल करणाऱ्या साधनांविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये अंतरिम संरक्षण दिले. त्यापूर्वी अमिताभ बच्चन आणि अनिल कपूर यांना दिल्ली उच्च न्यायालयाने अनुक्रमे २०२२ आणि २०२३ मध्ये असे संरक्षण दिले होते. व्यक्तिमत्त्वाच्या अधिकारासाठी भारतात स्वतंत्र कायदा नाही. न्यायालयांनी तो खासगीपणा, प्रताधिकार आणि व्यापारचिन्ह यांच्या आधारे उभा केला आहे. प्रसिद्ध व्यक्ती न्यायालयात जाऊ शकतात. सामान्य व्यक्तीच्या विकृत छायाचित्रासाठी २०२१ च्या नियमांनी तक्रारीनंतर २४ तासांत कारवाईची मुदत घातली होती.

यंत्राने शिकण्यासाठी वापरलेला मजकूर ही ‘प्रत’ मानायची का, हा त्यापुढचा प्रश्न आहे. एएनआय या वृत्तसंस्थेने नोव्हेंबर २०२४ मध्ये ओपनएआयविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात दावा दाखल केला. बातम्यांचा मजकूर परवानगीविना साठवून त्यावर भाषाप्रारूप घडवणे हे उल्लंघन आहे की रास्त वापर, हा त्यातील प्रमुख मुद्दा आहे. येथे मध्यस्थाची जुनी व्याख्या अपुरी पडते. इतरांचा मजकूर केवळ वाहून नेणाऱ्याला सूट मिळते. त्यातून स्वतः नवा मजकूर तयार करणाऱ्या यंत्रचालकाला ती मिळावी का, याचे उत्तर कलम ७९ लिहिताना कोणासमोर नव्हते.

वापरकर्त्याची भूमिका

या सर्व निर्णयांतून सामान्य वापरकर्त्यासाठी काही स्पष्ट गोष्टी निघतात. मध्यस्थाला मिळणारी सूट पुढे पाठवणाऱ्याला आपोआप मिळत नाही. ‘आला तसा पाठवला’ असे सांगितल्याने जबाबदारी संपत नाही. गटाचा ॲडमिन इतरांच्या संदेशासाठी केवळ पदामुळे दोषी ठरत नाही, परंतु स्वतःच्या संदेशासाठी तो इतरांइतकाच उत्तरदायी असतो. संपूर्ण पुस्तक, अंक किंवा चित्रपट पाठवणे आणि त्यातील उतारा समीक्षेसाठी नामोल्लेखासह देणे, यांत कायद्याने फरक केला आहे. चित्रपटांच्या अवैध चित्रीकरणासाठी आणि प्रसारासाठी २०२३ च्या दुरुस्तीने तीन महिने ते तीन वर्षे कारावास आणि किमान तीन लाख रुपये दंड ठरवला आहे.

आपली कृती परवानगीविना फिरत असल्याचे आढळल्यास लेखकाने नेमका दुवा, कृतीचा तपशील आणि आपल्या मालकीचा पुरावा जोडून संबंधित मंचाच्या तक्रार अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करावी. दुवा नेमका असेल, तरच छत्तीस तासांची मुदत लागू करून घेता येते. नावाविना आलेली कविता नावासह पुढे पाठवणे, तसेच गावात परके लोक आल्याचा संदेश आल्यास तो पुढे न पाठवता पोलिसांना कळवणे, यांसाठी मात्र कोणत्याही नव्या कायद्याची किंवा न्यायालयाच्या आदेशाची आवश्यकता नाही.